वाटेचं पाणी

कासुर्डी, मळ्यातली वस्ती
मंगळवार, १८ फेब्रुवारी

जैनब,

तुझा शकील आत्ता आमच्या ओट्यावर बसलाय. चहा दिलाय. कागदी कपात दिलाय, पण मनाला लावून घेऊ नकोस, हल्ली आम्ही सगळ्यांनाच कागदी कपात देतो. त्याची सेकंड शिफ्ट आहे म्हणे, रांजणगावला पोचायचंय, म्हणून घाईत लिहिते. फोनच केला असता, पण तुझ्या बहिऱ्या कानाशी ओरडून बोलायचं म्हणजे अख्ख्या शिवाराला ऐकवायचं.

दोन वर्षांनी माझी आठवण झाली. गरज सरो वैद्य मरो हे ऐकलं होतं. तू तर गरज पडल्यावर मेलेला वैद्य उठवलास.

मिस्बाला आई आल्या हे वाचून वाईट वाटलं. तीन वर्षांचं लेकरू. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, पाणीसुद्धा घेत नाही असं लिहितेस. तुझी सून यास्मिन दवाखाना दवाखाना करून डोकं खाते आणि तू उंबऱ्यात आडवी बसली आहेस, हे मात्र बरं केलंस. वाटेचं पाणी पडल्याशिवाय लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, सुई टोचायची नाही, घरात फोडणी द्यायची नाही. आपण दोघी एकाच साली नांदायला आलो आणि दोघींच्या सासवांनी हे एकाच दिवशी, एकाच दगडापुढे बसवून शिकवलं. धनगराच्या बाईने आडातून पाणी शेंदायचं, मुलाण्याच्या बाईने पितळी तांब्याने ते आधी दगडावर, मग लेकरावर घालायचं. एकीने शेंदलं आणि दुसरीने घातलं नाही, तर आई घर सोडत नाही. आम्ही तिला गोवराई म्हणायचो, तुम्ही ठंडीमाँ म्हणायचात. ती दोन्ही नावांना ओ द्यायची. मंगळवारी हळदकुंकू, जुम्मेरातीला ऊद. सगळं आठवतं मला, मी काही विसरलेले नाही.

तुझं थोरलं पोर, हारून, तेही आठवतं. पाणी पडायच्या आधी त्याला टेम्पोत घालून दौंडला न्यायला निघालात आणि केडगावच्या पुढे तो गेलाच नाही. तेव्हा तू माझ्याच मांडीवर डोकं आपटलं होतंस. म्हणून सांगते, यास्मिनचं ऐकू नकोस. शिकलेल्या मुली आहेत, त्यांना वाटतं सगळं गोळीने होतं.

आता तुझं मागणं. सोजरा, तू फक्त शेंदून दे, तांब्या माझ्याजवळ आहे, मी इथे शिरूरमध्येच घालते, असं लिहितेस. सोपं करून टाकलंस की. पण आता ते पहिल्यासारखं उघड्यावरचं ठाणं राहिलेलं नाही. मोठं देऊळ झालंय. फरशी आहे, ग्रील आहे, आईला चांदीचे डोळे केलेत. कमिटी आहे, पोपटराव अध्यक्ष आहेत, आणि पुजारीण म्हणून मी आहे. दारातल्या संगमरवरावर आमच्या ह्यांचं नाव कोरलंय, 'कै. हरिबा' असं. जन्मभर मेंढरामागे पाय झिजवलेल्या माणसाचं नाव पोपटरावांच्या नावाखाली दुसऱ्या ओळीत आहे. असा मान काही फुकट मिळत नाही, तो राखावा लागतो.

पोपटरावांचं म्हणणं सरळ आहे. तांब्या देवळात आला पाहिजे. काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. तांब्या दे, पाणी घे. तुझ्या सासूच्या सासूपासून आलेला आहे ते मला माहीत आहे. पण शिरूरच्या दोन खोल्यांत तू त्याचं करणार तरी काय?

घाबरू नकोस. आमच्या नातवालाही, सार्थकला, गेल्या वर्षी असाच गोवर निघाला होता. तापाने फणफणला होता. आता वस्तीभर उड्या मारत फिरतो, शेळीच्या करडासारखा.

शकीलचा चहा संपला.

सोजरा


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

जैनब,

तुझी चिठ्ठी वाचली. लेकरू आजारी असताना वकिलासारखे प्रश्न विचारायला तुला सुचतं, हे बारा गावचं पाणी प्यायल्याचं लक्षण आहे.

सार्थकला पाणी कुणी घातलं, असं विचारतेस. मुलाण्याची बाई तर गावात उरलीच नव्हती, मग घातलं कुणी? मी घातलं. मीच शेंदलं आणि मीच घातलं. उजव्या हाताने शेंदलं, डाव्या हाताने घातलं. आईने ते मानून घेतलं. म्हणजे तुझ्या हातावाचून तिचं काही अडलेलं नाही, हे आता तरी लक्षात घे.

आणि शकीलने म्हणे गेल्या चैत्रात माऊलीची गाडी यवतला लहान मुलांच्या दवाखान्यापुढे पाहिली, माऊली पुढे आणि मागे मी शालीत काहीतरी घेऊन बसलेली. त्याला म्हणावं, आधी डोळे तपासून घे. त्या दवाखान्याशेजारी दातांचा दवाखाना आहे. माझी दाढ ठणकत होती. शालीत गाठोडं होतं. माझा मुलगा मला दाताच्या डॉक्टरकडे नेतो याचासुद्धा हिशेब आता मी शिरूरला द्यायचा का?

पुढे लिहितेस की मीच येते, देवळाच्या मागच्या पायरीवर बसते, कुणाला दिसणार नाही, पाणी घेऊन पाच मिनिटांत निघते. ते जमायचं नाही. परवाच मी पोपटरावांकडे नुसता विषय काढला. ते ऊस तोडणाऱ्यांशी फोनवर बोलत होते. फोन कानाला तसाच ठेवून म्हणाले, "सोजराबाई, याकदा पायरीवर बसली की पुढल्या साली गाभाऱ्यात बसंल. तांब्या आना, म्हंजी इषय संपला. उद्या कोर्टात कुनी म्हनाया नगं, आमचा मान हाय म्हून." मी मान हलवून आले. मी दुसरं काय करणार?

त्या सभेचंही तू उकरून काढलंस. मुलाण्याच्या हातचं पाणी आईला नको असा ठराव झाला, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून गप्प राहिले, असं म्हणतेस. राहिले. बाईमाणसाने भर सभेत उठून बोलायचं असतं का? शकीलच्या कोंबडीच्या दुकानावर लोक जायचे बंद झाले, त्यात माझा काय दोष? मी तेव्हा कोंबडी खाणंच सोडलं होतं, गुडघ्यांमुळे. तुम्ही गाव सोडून जा असं तोंडाने कुणी म्हटलं नाही. तुम्ही मानी माणसं, आपणहून टेम्पो भरलात. मी त्या दिवशी दार लावून घेतलं, कारण ऊन होतं.

तुला हसायला येईल असं एक सांगते. तुमचं घर गेल्यावर जत्रेला बोकड कापणार कोण, हा प्रश्न पडला. हलाल केल्याशिवाय निम्म्या गावाच्या घशाखाली मटण उतरत नाही, सवयच तशी. मग पोपटरावांनी हडपसरहून कारागीर मागवला. नाव विचारलं तर तोही तुमच्यातलाच निघाला. सगळ्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पंगतीत बसले. मी हसले, पण पदराआड.

मिस्बाला धाप लागते, बरगड्या आत ओढल्यासारख्या होतात, असं लिहिलंस. ते वाचून मी चुलीवरचा तवा उतरवून बसले, खोटं कशाला बोलू. आईचा जोर असतो, उतरेल. पण तू जितका हट्ट धरशील तितका उशीर तूच करशील. एका बाजूला भांडं आहे, एका बाजूला नात आहे. मी तुझ्या जागी असते तर एवढा विचार केला नसता.

सोजरा


मंगळवार, २५ फेब्रुवारी

जैनब,

तांब्या पोचला. शकील ओट्यावर उभा राहूनच बोलला, बस म्हटलं तरी बसला नाही. "मावशी, अम्मी दोन दिस जेवली न्हाई. ह्ये घ्या आन् पानी द्या, मला लगीच निगायचंय," एवढंच म्हणाला. पोरगा वाळलाय.

तांब्या तू मिस्बाच्या झबल्यात गुंडाळून का पाठवलास? घरात दुसरं फडकं नव्हतं? मला टोचावं म्हणूनच पाठवलंस, मी तुला ओळखत नाही का. झबलं धुऊन परत दिलंय.

पाणी बाटलीत भरून दिलंय. आडाचंच आहे, मी स्वतः शेंदलंय. आता तांब्या नाही तर घालू कशाने असं विचारत बसू नकोस. उद्या सूर्य उगवल्यावर हाताच्या ओंजळीने घाल, आधी कपाळावर, मग छातीवर. घातल्यावर सूर्य मावळेपर्यंत उंबरा ओलांडू द्यायचा नाही. मग तुमचं काय ते दवाखाना वगैरे करा. उद्या महाशिवरात्र, डॉक्टर कितपत बसतात देव जाणे.

पोपटरावांनी तांब्याला हार घातला. गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, मी पेटी धरून उभी आहे. लोकांनी भराभर हात जोडलेले पाठवले. तुझंही पुण्य त्यात आहे असं मी मनात म्हटलं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या प्रगतीचा फोन आला तर उचलू नका, यास्मिनलाही सांगून ठेव. ती यास्मिनचा नंबर मागत होती. मी तुम्ही नंबर बदललाय म्हणून सांगितलं आणि वहीतला नंबरही खोडला. सुनेला काहीबाही बोलायची सवय आहे, तिच्या बोलण्याला बूड नसतं. आजारी घरात उगाच डोक्याला ताप नको.

सोजरा


शनिवार, १ मार्च

प्रगती,

फोन उचलत नाहीस म्हणून माऊलीच्या हाती कागद पाठवते. न्हावऱ्याला माहेरी जाऊन बसलीस, सार्थकलाही नेलंस. सासूवर राग धरायला हरकत नाही. पण भरल्या घरातून लेकरू उचलून सकाळच्या एसटीने जायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत.

मिस्बा गेली. बुधवारी दुपारी गेली. मला काय आनंद झालाय? मीही दोन दिवस भाकरी मोडलेली नाही. पण जाताना दारात उभी राहून तू मला जे बोललीस, ते मी विसरणार नाही. "आत्या, एक फोन करायचा हुता तुमाला. एकच. आमी नेलता, तुमीबी न्या, येवडंच म्हनायचं हुतं." सगळी वस्ती ऐकत होती. साखरबाई तर पाण्याचा हंडा खाली ठेवून ऐकत होती.

म्हणून आता तुलाच लिहून ठेवते, परत तोंडाने बोलणार नाही.

हो, सार्थकला गोवर निघाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी यवतला नेला. मी अडवलं का? उलट शालीत घेऊन गाडीवर मागे मी बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत भरत चाललंय, वेळेवर आणलंत. सुया दिल्या, वाफ दिली, पोरगा चौथ्या दिवशी घरी आला. उंबरा ओलांडला, सुई लागली, पाणी पडलंच नाही आणि आईने काही केलं नाही. मी देवळात जाऊन नाक घासलं, तिने पदरात घेतलं. तो माझा आणि तिचा व्यवहार.

पण ही गोष्ट उंबऱ्याच्या आतली आहे. मी पुजारीण आहे. दर मंगळवारी बाया लेकरं घेऊन माझ्यापुढे बसतात. पुजारणीनेच नातवाला पाण्याआधी डॉक्टरकडे नेला हे बाहेर कळलं, तर पोपटराव दुसऱ्या दिवशी माझ्या जागी सविताला बसवतील. त्यांची भावजय आहे, जागेवर टपूनच बसलीय. संगमरवरावरचं तुझ्या सासऱ्याचं नाव पुसायला किती वेळ लागतो? एक घासणी पुरते.

म्हणशील, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी. तू शिकलेली, तुझ्या बापाची बागायत. तुला बसल्या जागी मान मिळतो. मी लग्न होऊन आले तेव्हा पोपटरावांच्या आईने मला पाणी वरून ओतून दिलं होतं, ओंजळीत. आज त्याच घरातल्या बाया माझ्या पाया पडतात. हे सोडून दे म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?

आणि जैनबला मी सांगितलं असतं तरी तिने ऐकलं असतं कशावरून? हारून गेल्यापासून ती दवाखान्याला भिते. पण मी सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं, हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. माझ्या शब्दावर ती विहिरीत उडी टाकेल. तेच तर अवघड आहे.

ते पाणी टाकीचं होतं हेही तू साखरबाईपुढे बोललीस. होतं टाकीचं. आड बुजवून वर ब्लॉक बसवलेत, गाड्या लावतात, तिथून मी काय शेंदणार होते? पाणी पाणी असतं.

यास्मिनला शोधून काढायचा नाद सोड. मेलेलं लेकरू परत येत नाही आणि जिवंत माणसांची घरं मोडतात. सार्थकला पाठवून दे. त्याच्याशिवाय घर खायला उठतं.

आत्या


बुधवार, ५ मार्च

जैनब,

तुझं पत्र घेऊन शकील आला, पण ओट्यावर चढला नाही. खालूनच दिलं आणि गाडीशी जाऊन उभा राहिला. मी आत जाऊन वाचलं. पहिल्यांदा वाचता आलंच नाही.

मला वाटलं होतं तू शिव्या लिहिशील. वाट्टेल ते लिहिलं असतंस तरी मी वाचलं असतं. तू मात्र लिहिलंस, "सोजरा, माझं काय चुकलं ते सांग. तुला आईचं सगळं कळतं. पाणी तू सांगितलंस तसंच घातलं. दिवस मावळेपर्यंत थांबायचं होतं, तेवढंही ती थांबली नाही. माझ्या हातून काय कमी पडलं?"

मी खूप रडले, जैनब. तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगते. मिस्बा जन्मली तेव्हा पहिलं काजळ मी घातलं होतं, तुमचा टेम्पो जायच्या आधी वर्षभर. तुझ्या मांडीवर होती. तू म्हणाली होतीस, सोजरा, हिचे डोळे तुझ्यासारखे भांडखोर आहेत.

लिहायला बसले तेव्हा मनात दुसरंच होतं. शकील खाली उभा आहे, त्याला वर बोलवावं आणि सगळं सांगून टाकावं, असं दोनदा वाटलं. एकदा दारापर्यंत गेलेही. तो पाठमोरा उभा होता. त्याच्या खांद्यांकडे बघितलं आणि परत फिरले. आता ते सांगायला उशीर झालाय. मिस्बा जायच्या आधी सांगितलं असतं तर ते सांगणं झालं असतं. आता सांगितलं तर ते दुसरंच काहीतरी होईल, आणि ते तुलाही झेपणार नाही आणि मलाही.

तू विचारलंस म्हणून लिहिते. तुझंच काहीतरी चुकलं असणार. यास्मिनने तुझी पाठ वळल्यावर फोडणी दिली असेल, शिकलेल्या मुलींचा नेम नसतो. नाहीतर तांब्या देताना तू रडली असशील. तूच लिहिलं आहेस, तू तांब्या छातीशी धरून बसली होतीस, सोडत नव्हतीस. आईला दिलेलं असं मागे धरून देऊ नये. तिला ते लागलं असेल. मी सांगते ते सहन होणार नाही, पण कुणीतरी सांगायला हवं.

यास्मिनला मात्र बोलू नकोस. तिचं लेकरू गेलंय. तू आपली मनात ठेव.

आता शेवटी तू लिहिलंस ते. धाकट्या अर्शदलाही परवापासून ताप आहे, डोळे लाल झालेत, नाक गळतंय. यास्मिन कोपऱ्यात त्याला उराशी धरून बसली आहे आणि म्हणते, मी याला घेऊन जाते, मला कोण अडवतं बघते. आणि तू मला विचारतेस, सोजरा, नेऊ का? तू म्हणशील तसं करते.

तू म्हणशील तसं करते. हे वाक्य मी कितीदा वाचलं.

प्रगती माहेरीच आहे. सार्थकही तिकडेच. घरात फक्त मी आणि माऊली, आणि माऊली माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी देवळात गेले तर सविता माझ्या आधीच येऊन बसली होती, आईपुढे दिवा लावत होती. माझ्याकडे बघून हसली. सगळ्यांचं लक्ष आता माझ्यावर आहे, जैनब. मी आज 'ने' म्हटलं, तर तू विचारशील, मग मिस्बाला का नाही म्हणालीस? मला त्याचं उत्तर देता येणार नाही.

तर ऐक. नेऊ नकोस. मिस्बाच्या वेळी जी कसूर झाली ती या खेपेला होऊ द्यायची नाही. यास्मिनने कितीही आकांत केला तरी लेकरू घराबाहेर काढायचं नाही. रोजे सुरू आहेत, अंगात बळ नसेल तुझ्या, पण दारात तूच बस, शकीलवर सोपवू नकोस. तो आज माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्याचा भरवसा मला वाटत नाही. पाणी मी शुक्रवारी देते. आजच देणार होते, पण सविता तिथून हलेना.

ताप वाढला तर घाबरून जाऊ नकोस. सार्थकलाही असाच चढला होता, आणि आपोआप उतरला.

तुझी,
सोजरा